बत्तीस लाँग : जन्म स्प्रिंगफील्डचा, मुक्काम खडकी

जुनापुराणा (धागाकर्ता)

मागे बारा बोअरच्या बंदुकीवरच्या धाग्यावर कुणीतरी "बत्तीसवर पण लिहा की राव" म्हणालं होतं, म्हणून हा प्रपंच. आपल्याकडे परवानाधारकाच्या कमरेला जे रिव्हॉल्वर दिसतं, त्यातलं काडतूस बहुतेक वेळा .३२ स्मिथ अँड वेसन लाँग असतं. वय सव्वाशेच्या पुढे. अमेरिकेत, म्हणजे त्याच्या माहेरी, आता थोडे हौशी लोक सोडले तर त्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडे मात्र ते सरकारी कारखान्यात तयार होतं आणि लोक ते मिळवण्यासाठी दुकानांत खेटे घालतात. हे असं का झालं, हाच माझ्या दृष्टीने या गोळीचा सगळ्यात रंजक भाग आहे.

आधी थोडी वंशावळ. स्मिथ अँड वेसन ही मूळची मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. त्यांनी १८७८ मध्ये .३२ एस अँड डब्ल्यू नावाचं छोटंसं काडतूस काढलं. पुंगळी, म्हणजे दारू भरायची पितळी नळी, जेमतेम साडेपंधरा मिलिमीटर लांब, आत काळी दारू, पुढे शिशाची गोलसर गोळी. हे कोटाच्या खिशात मावणाऱ्या रिव्हॉल्वरसाठी होतं. ती रिव्हॉल्वरं मधोमध मोडून उघडायची आणि उघडताच रिकाम्या पुंगळ्या वर उचलल्या जायच्या. सोय मोठी, पण वरचं कुलूप नाजूक, त्यामुळे दारू वाढवायला वाव नव्हता. अशी रिव्हॉल्वरं अमेरिकेत लाखांनी खपली. किराणावाला, डॉक्टर, रात्रपाळीचा तारमास्तर, सगळ्यांकडे असायची.

१८९६ मध्ये कंपनीने हँड इजेक्टर नावाचं नवं रिव्हॉल्वर आणलं. याचा सांगाडा एकसंध होता आणि सिलिंडर बाजूला उघडायचा. आज रिव्हॉल्वर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तो हाच घाट, आणि या कंपनीचं त्या घाटाचं हे पहिलं हत्यार. सांगाडा मजबूत झाल्यावर पुंगळी लांब करता आली, २३.४ मिलिमीटर. तीच आपली 'लाँग'. सुरुवातीला तीही काळ्या दारूची, मग काही वर्षांत धूरविरहित दारू आली. गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे साधारण ६.३५ ग्रॅम. वेग सेकंदाला २१५ ते २३५ मीटर. आवाजाच्या वेगाच्या बराच खाली, त्यामुळे हातात धक्का कमी आणि कानठळ्याही त्यामानाने कमी.

इथे एक गंमत. प्रतिस्पर्धी कोल्ट कंपनीलाही हे काडतूस आपल्या रिव्हॉल्वरमध्ये हवं होतं, पण नळीवर शत्रूचं नाव कोण कोरणार? त्यांनी गोळीचं नाक किंचित चपटं केलं आणि 'कोल्ट न्यू पोलीस' म्हणून नव्याने बारसं केलं. पुंगळी तीच. दोन्ही काडतुसं एकमेकांच्या रिव्हॉल्वरमध्ये बिनबोभाट चालतात. जुन्या अमेरिकन जाहिराती वाचताना ही दोन निराळी काडतुसं वाटतात, ती नाहीत.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते थिओडोर रूझवेल्ट, पुढे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. तोवर शिपाई आपापल्या मर्जीने वाट्टेल ते पिस्तूल बाळगत, आणि नेम म्हणाल तर आनंदच होता. रूझवेल्टनी १८९६ मध्ये सगळ्यांना एकच हत्यार दिलं, कोल्टचं न्यू पोलीस, बत्तीसचं. शिवाय नेमबाजीचा सराव सक्तीचा केला. पोलिसांच्या हाती आल्यामुळे या छोट्या गोळीला प्रतिष्ठा मिळाली. ती फार टिकली नाही. विसाव्या शतकाच्या तोंडावर याच स्मिथ अँड वेसनने .३८ स्पेशल आणलं आणि काही दशकांत अमेरिकी पोलीस अडतिसावर गेले. बत्तीस लाँग उरली ती घरगुती ड्रॉवरमध्ये, सापळे लावून फर मिळवणाऱ्यांच्या पट्ट्यात आणि नेमबाजांच्या पेटीत. ससा-खार टिपायला लोक ती वापरायचे, कारण मांस फाटत नसे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपलेला आहे, कुणी काढू नये.

आता भारत. १९५९ चा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम यांनी शस्त्रांची वर्गवारी केली. लष्कर आणि पोलीस जी काडतुसं वापरतात, ती चालणारी हत्यारं सामान्य माणसासाठी 'निषिद्ध बोअर' (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास). त्यात .३०३ रायफल गेली, ९ मिलिमीटर पिस्तूल गेलं, .३८ आणि .४५५ रिव्हॉल्वरही गेली. हँडगनमध्ये सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः उरली बावीस आणि बत्तीस. मग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली. मागणी तर होतीच. कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्ली मार्क फोरच्या धर्तीवर, मधोमध मोडणारं, सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्वर काढलं आणि त्यासाठी घेतलं बत्तीस लाँग. गोळ्या पुण्याच्या खडकी कारखान्याच्या.

माझं मत स्पष्ट आहे. ही गोळी भारतात टिकली ती तिच्या गुणांमुळे नाही. सरकारी शिपायाच्या बंदुकीत ती बसत नाही, एवढ्या एका कारणाने टिकली. गुण आहेत, पण ते दुसऱ्या जागी कामाला आले, नेमबाजीत. त्यावर इथले जाणकार लिहितील अशी आशा.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न. माझ्या मामांकडे .३२ चं पिस्तूल आहे, चपटं, खालून मॅगझिन घालायचं. त्यांच्या परवान्यावरही .३२ च लिहिलंय. त्यातली गोळी हीच का?

जुनापुराणा

नाही, आणि हा गोंधळ फार जुना आहे. मामांच्या पिस्तुलातली गोळी .३२ एसीपी, म्हणजे जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये आणलेली ७.६५ ब्राउनिंग. पुंगळी १७ मिलिमीटर, बूड जवळपास पुंगळीच्याच जाडीचं, कड नावापुरती. मॅगझिनमधून सरकत यायला तसंच लागतं. बत्तीस लाँगची कड चांगली बाहेर आलेली, साडेनऊ मिलिमीटरची. त्या कडेवरच ती सिलिंडरमध्ये अडकून राहते. आपल्याकडचं 'अशनी' पिस्तूल एसीपीचं आहे, कानपूरचं मोडणारं रिव्हॉल्वर लाँगचं.

एसीपीची गोळी काही रिव्हॉल्वरच्या सिलिंडरमध्ये बसते आणि काही शूर लोक ती उडवतातही. करू नये. अमेरिकी मानकाप्रमाणे लाँगचा दाब दर चौरस इंचाला १५,००० पौंडांपर्यंत, एसीपीचा २०,५०० पर्यंत. जुन्या मोडणाऱ्या सांगाड्यावर हा फरक थोडाथोडका नाही.

गोळा_बेरीज

चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल पण .३२ होतं ना? आणि नाशिकला कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर चालवलं ते?

जुनापुराणा

आझादांचं कोल्ट १९०३, अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. ते .३२ एसीपी, या धाग्यातली गोळी नाही. भगतसिंगांचं, साँडर्स प्रकरणातलं कोल्टही त्याच घराण्यातलं. अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात वापरलं ते ब्राउनिंग पिस्तूल, सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्यांपैकी. तेही आपोआप भरणारं, त्यामुळे रिव्हॉल्वरचं कड असलेलं काडतूस त्यात चालणारच नाही. क्रांतिकारकांना चपटी, लपवता येणारी आणि झरझर चालणारी हत्यारं हवी होती. रिव्हॉल्वरची लाँग त्या इतिहासात फारशी नाही.

रेंजहिल्सवाला

खडकीचं नाव काढलंत म्हणून लॉगिन केलं. वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते, आम्ही रेंजहिल्सच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. कारखाना १८६९ चा. पुंगळीच्या बुडावर केएफ अशी अक्षरं दिसली की ती आमची, किर्की फॅक्टरी. साहेब गेला, खडकी नाव रुळलं, शिक्का तोच राहिला. दुसऱ्या महायुद्धातल्या .३०३ च्या पुंगळ्यांवरही हीच अक्षरं असतात, परदेशातले संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात म्हणे.

काडतूस कसं बनतं हे आम्हाला लहानपणापासून तोंडपाठ. पितळेची जाड चकती घ्यायची, तिला टोपीचा आकार द्यायचा, मग ठोक्याठोक्याने ती खोल आणि पातळ करत न्यायची. मधे मधे भट्टीत तापवून मऊ करायचं, नाहीतर पितळ कडक होऊन चिरतं. शेवटी बुडाला कड वळवायची आणि प्रायमरचं, म्हणजे ठोका बसल्यावर पेटणाऱ्या टोपीचं, भोक पाडायचं. वडील म्हणायचे, मोठ्या तोफगोळ्यापेक्षा छोट्या काडतुसात जास्त डोकं लागतं, कारण चुकायला जागाच नसते. हाताला पितळेचा वास कायम. रविवारीसुद्धा.

बाकी आता सगळं बदललं. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड गेलं, सात कंपन्या झाल्या. खडकी 'म्युनिशन्स इंडिया'कडे आली, मुख्यालय पुण्यातच. कानपूरचा रिव्हॉल्वरचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे. म्हणजे हत्यार एकीचं, गोळी दुसरीची. युनियनने तेव्हा बराच विरोध केला होता. त्यावर इथे वाद नको, धागा भरकटेल.

तिरकस

"रविवारीसुद्धा" वाचून आमच्या पिताश्रींची आठवण झाली, ते डेअरीत होते. चालू द्या.

अंतर्दशक

धागाकर्त्यांनी नेमबाजीचा चेंडू टाकलाच आहे, तर घेतो. मी बरीच वर्षं पिस्तूल मारतो, बालेवाडी आणि वरळी दोन्ही रेंजवर घाम गाळलाय.

पंचवीस मीटर सेंटर फायर (बुडाच्या मधोमध ठोका बसणाऱ्या काडतुसाचं) पिस्तूल हा पुरुषांचा प्रकार. नियम ७.६२ ते ९.६५ मिलिमीटरपर्यंतची गोळी चालेल असा. म्हणजे अडतीसही चालते, आणि पूर्वी लोक अडतिसाची रिव्हॉल्वरं घेऊनच उतरायचे. पण साठ गोळ्या मारायच्या असतात. पहिल्या तीस सावकाश, पाच गोळ्यांना पाच मिनिटं. पुढच्या तीस जलद. हात खाली पंचेचाळीस अंशांत, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात उचलायचं, जुळवायचं, सोडायचं. मग सात सेकंद लक्ष्य गायब. असं पाच वेळा. अडतिसाचा धक्का चाळिसाव्या गोळीनंतर मनगटात मुरायला लागतो, मग माणूस चाप ओढायच्या आधीच दचकतो. बत्तीस लाँगमध्ये तो धक्का इतका सौम्य की जलद फेरीत पिस्तूल आपसूक जागेवर परत येतं. म्हणून जगभरचे नेमबाज हळूहळू तिच्याकडे वळले. वॉल्थर जीएसपी, पार्दिनी, हॅमर्ली ही सगळी बत्तीस लाँगची पिस्तुलं आहेत.

आता कुणी विचारेल की कड असलेली गोळी मॅगझिनमध्ये कशी? तर आमची गोळी वेगळी असते. वॉडकटर म्हणतात तिला. पुढून सपाट, आणि पुंगळीत पूर्ण आत बसवलेली, टोकाला टोक. त्यामुळे काडतूस आखूड आणि दंडगोल होतं, पाच गोळ्यांच्या मॅगझिनमध्ये नीट बसतं. कानपूरच्या रिव्हॉल्वरची गोल नाकाची गोळी या पिस्तुलांत बसणारच नाही. सपाट तोंडाचा फायदा कागदावर दिसतो. गोल नाकाची गोळी कागद फाडत जाते, कडा लोंबतात, दहा की नऊ यावर पंचांशी हुज्जत. वॉडकटर कंपासने कापल्यासारखं भोक पाडते. सावकाश फेरीच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ पन्नास मिलिमीटरचं. पंचवीस मीटरवरून. त्यात रेषेला स्पर्श झाला की नाही यावर पदकं ठरतात.

आणि हा प्रकार भारताचा हुकमी होता बरं का! १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुलमध्ये मुंबईच्या अशोक पंडितांनी सेंटर फायरचं सुवर्ण घेतलं. १९९४ ला व्हिक्टोरियात जसपाल राणाचं वैयक्तिक सुवर्ण, आणि जोडीच्या स्पर्धेत जसपाल आणि पंडित दोघांचं मिळून. त्याच वर्षी हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत जसपाल पुन्हा पहिला. २००६ ला दोह्यात ६०० पैकी ५९०, तेव्हाच्या जागतिक विक्रमाची बरोबरी. दिल्लीच्या २०१० राष्ट्रकुलमध्ये हरप्रीत सिंग.

दुर्दैव असं की हा प्रकार ऑलिंपिकमध्ये कधी नव्हताच, आणि आता राष्ट्रकुल, आशियाई दोन्हीकडून वगळलाय. जागतिक आणि राष्ट्रीय स्पर्धांत आहे. पैसा, प्रायोजक, नोकरीतली बढती सगळं ऑलिंपिक प्रकारांकडे, त्यामुळे नवी पोरं बत्तीसला हातच लावत नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. पण पिस्तूल शिकायचं तर सेंटर फायरसारखा गुरू नाही.

वाचनमात्र

राही सरनोबतचा प्रकार हाच ना? पंचवीस मीटर?

अंतर्दशक

आराखडा तसाच, सावकाश आणि जलद, तीस-तीस गोळ्या. पण महिलांच्या पंचवीस मीटरला बावीसची गोळी असते, कडेवर ठोका बसणारी रिमफायर. राहीचं २०१८ चं आशियाई सुवर्ण बावीसवर आहे.

शंकासुर

सगळं छान, पण मूळ मुद्द्याकडे येऊ. लोक लाखभर मोजून बत्तीसचं रिव्हॉल्वर घेतात ते कागदाला भोकं पाडायला नाही, स्वसंरक्षणासाठी. त्यासाठी ही गोळी कुचकामी आहे असं सगळीकडे वाचतो. खरं काय?

जुनापुराणा

आकडे घ्या. बत्तीस लाँगची नळीच्या तोंडाशी ऊर्जा साधारण १४५ ते १७५ ज्यूल. अडतीस स्पेशल पावणेतीनशेच्या आसपास, ९ मिलिमीटर पावणेपाचशेच्या पुढे. म्हणजे ही गोळी बावीसच्या थोडी वर आणि बाकी सगळ्यांच्या बरीच खाली. पण 'कुचकामी' म्हणणं मला पटत नाही. शंभर वर्षांत हिने किती माणसं मारली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, आणि ज्या माणसाच्या दिशेने नळी रोखलेली असते तो ज्यूल मोजत बसत नाही. ती अडवण्यात कमी पडते, मारण्यात नाही. संरक्षणासाठी नेमका हाच वाईट संयोग आहे. हल्लेखोर थांबणार नाही कदाचित, पण तुमच्यावर खुनाचं कलम लागू शकेल.

शंकासुर

म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध केलंत की.

जुनापुराणा

अर्धं.

वैनगंगा

मी वर्धेची. २०१४ च्या जानेवारीत कानपूरने 'निर्भीक' काढलं, खास स्त्रियांसाठी म्हणून. दिल्लीच्या घटनेनंतरचं नाव. टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅम, आणि किंमत सव्वा लाखाच्या घरात, १.२२ लाख. गोळी हीच, बत्तीस. त्या वेळी आमच्या महिला मंडळात यावर खूप चर्चा झाली. रात्री बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या मुलीकडे सव्वा लाख असते तर ती बसस्टॉपवर उभी असती का? परवाना मिळायला महिनोन्महिने. आणि पर्समधून काढून, दोन्ही हातांनी धरून, समोरचा ओळखीचा नातेवाईक असताना चाप ओढायचा? बहुतेक अत्याचार ओळखीचेच करतात. मला यात स्त्रियांची काळजी कमी आणि बाजारपेठ जास्त दिसली.

रेंजहिल्सवाला

ताई, मुद्दा मान्य. पण कारखान्यांच्या बाजूने एक सांगतो. सैन्याच्या मागणीत चढउतार असतात, यंत्रं आणि माणसं रिकामी ठेवता येत नाहीत. नागरी हत्यारं आणि काडतुसं हा त्यांचा जोडधंदा. नाव काय द्यायचं ते दिल्लीत ठरतं.

अंतर्दशक

वैनगंगाताईंशी सहमत, आणि तांत्रिक कारण जोडतो. हलकं रिव्हॉल्वर, आखूड नळी, जड चाप. आम्ही रोज मारणारे लोकसुद्धा अशा हत्याराने दहा मीटरवर बशीएवढ्या जागेत सहा गोळ्या टाकताना घाम फोडतो. २०२३ ला 'प्रबल' आलं, पन्नास मीटर पल्ला अशी जाहिरात. गोळी पन्नास मीटर जाते हो, माणसाचा नेम जातो का हा प्रश्न आहे. परवान्यावर मिळणाऱ्या मोजक्या काडतुसांत कुणाचा सराव होणार?

वकिली_बाणा

सरावाचा मुद्दा निघाला म्हणून कायद्याचं. परवान्यावर काडतुसांच्या दोन संख्या असतात, एका वेळी किती बाळगायची आणि वर्षभरात किती घ्यायची. विक्रेत्याकडे दर खरेदीची नोंद होते. खेळाडूंना वेगळी, मोठी मर्यादा आहे, पण त्यासाठी रायफल असोसिएशनमार्फत पात्रता लागते. 'लग्नात हवेत उडवलं' म्हणणाऱ्यांसाठी : २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात केलेला बेपर्वा गोळीबार हा वेगळा गुन्हा झालाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात.

आणि धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याला दुजोरा. निषिद्ध बोअरची कल्पना समजायला लोक गोळीची ताकद बघतात. तसं नाही. .३१५ ची स्पोर्टिंग रायफल बत्तीस रिव्हॉल्वरच्या कितीतरी पट ताकदीची आहे आणि सामान्य परवान्यावर मिळते. सरकारला भीती आहे ती सरकारी साठ्यातली काडतुसं बाहेर पाझरण्याची. इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्यापासून आपल्याकडे हत्यारांकडे बघण्याची नजर तीच आहे.

ओहायोकर

उशिरा आलो. इकडची खबर देतो. तुम्ही म्हणता तशी लाँग अगदी मेलेली नाही, पण मुलाबाळांच्या जिवावर जगते. १९८४ मध्ये तिचीच पुंगळी लांबवून .३२ एच अँड आर मॅग्नम केली, आणि २००८ मध्ये ती आणखी लांबवून .३२७ फेडरल मॅग्नम. तिन्हींची जाडी एक. त्यामुळे .३२७ च्या रिव्हॉल्वरमध्ये एच अँड आर चालते, लाँग चालते, १८७८ ची ती आखूडही चालते. उलट मात्र नाही. लोक मोठ्या गोळीचं रिव्हॉल्वर घेतात आणि सरावाला लाँग वापरतात. इथे काउबॉय वेशात नेमबाजीच्या स्पर्धा होतात, त्यात आजोबा-आजी मंडळींची ही लाडकी, मनगट दुखत नाही म्हणून. पण दुकानात सरसकट मिळत नाही, मागवावी लागते, आणि ९ मिलिमीटरच्या दुप्पट-तिप्पट दर. म्हणून बरेच जण स्वतःच पुंगळ्या पुन्हा भरून वापरतात.

आणि ओहायोचा असल्यामुळे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या राज्याचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली, कँटन गावात त्यांची भलीमोठी समाधी आहे. ६ सप्टेंबर १९०१ ला बफेलोच्या प्रदर्शनात लिऑन चोल्गोशने हाताला रुमाल गुंडाळून त्यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. आठ दिवसांनी गेले. हत्यार होतं आयव्हर जॉन्सनचं साडेचार डॉलरचं रिव्हॉल्वर, आणि गोळी तीच १८७८ ची आखूड .३२ एस अँड डब्ल्यू. त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष कोण झालं? उपाध्यक्ष रूझवेल्ट! न्यूयॉर्क पोलिसांच्या हाती बत्तीस देणारे.

शंकासुर

बघा, आता 'कुचकामी' शब्द मागे घेतो. ओहायोकर, मॅकिन्ली गोळीने गेले की डॉक्टरांमुळे?

ओहायोकर

दोन्ही. एक गोळी वरवर लागली, दुसरी पोटातून गेली. शस्त्रक्रिया केली, पण ती गोळी सापडली नाही, आणि आत सडत गेलं. प्रदर्शनात क्ष-किरण यंत्र होतं, ते वापरलं नाही. प्रतिजैविकांच्या आधीचा काळ, पोटात गोळी म्हणजे बहुतेकदा मरणच. या छोट्या गोळ्यांची त्या काळातली दहशत त्यामुळे होती. आजच्या ज्यूलच्या तक्त्यात ती दिसत नाही.

जुनापुराणा

हे फार महत्त्वाचं सांगितलंत. १८९० च्या दशकातला माणूस बत्तीसला कमकुवत का मानत नव्हता, त्याचं उत्तर यात आहे.

कोयनाकाठ

मी बराच काळ वाचतोय, आज विचारतो. आमच्या जुन्या घराची विभागणी चालू आहे. पणजोबांच्या पेटीत एक छोटं रिव्हॉल्वर निघालं, सोबत कागदाच्या डबीत काही काडतुसं, हिरवट पडलेली. आजोबांच्या नावे परवाना होता असं आई म्हणते, ते वारून बरीच वर्षं झाली. रिव्हॉल्वर मधोमध मोडून उघडतं. नळीवर '.३२ एस अँड डब्ल्यू सीटीजी' असं कोरलंय. खडकीच्या गोळ्या यात चालतील का, आणि ठेवता येईल का?

जुनापुराणा

कोयनाकाठ, पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठाम नाही. कोरलेलं आहे त्यात 'लाँग' नाही (सीटीजी म्हणजे नुसतं काडतूस), म्हणजे हे १८७८ च्या आखूड गोळीचं आहे, आणि मोडणारं म्हणजे सांगाडा नाजूक. काही स्वस्त जुन्या रिव्हॉल्वरांचा सिलिंडर आत सरळ कापलेला असतो, त्यात लाँग घुसतेही. घुसली म्हणून चालते असं नाही. ती हिरवट काडतुसं तर अजिबात वापरू नका, काढायला-उघडायलाही जाऊ नका. पितळेवरचा हिरवा थर म्हणजे गंज, आतल्या दारूचं काय झालंय ते बाहेरून कळत नाही.

वकिली_बाणा

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, आणि हे आजच करा. परवानाधारक गेल्यावर त्यांचं हत्यार घरात पडून राहणं हा बेकायदा ताबा होतो, मग ते गंजलेलं असो की चालू. शस्त्र कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. जमा केल्याची पावती घ्या, त्यावर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. आजोबांच्या परवान्याची प्रत मिळाली तर उत्तम, नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत जुन्या नोंदवहीत नाव शोधता येतं. मग वारसांपैकी एकाने, बाकीच्यांच्या ना-हरकतीसह, २०१६ च्या नियमांतल्या २५ व्या नियमाखाली वारसाहक्काने परवान्यासाठी अर्ज करायचा. विभागणी चालू आहे म्हणता, तर ना-हरकत आत्ताच घ्या, नंतर भाऊबंद सही करत नाहीत.

आणि स्वतः खिशात घालून ठाण्यात नेऊ नका. आधी ठाण्यात फोन करून सांगा, किंवा लेखी कळवा, आणि ते सांगतील तसं करा. वाटेत नाकाबंदीत सापडलात तर समजावता समजावता नाकीनऊ येतील.

कोयनाकाठ

धन्यवाद दोघांना. ठाण्यात फोन केला. हवालदार साहेब म्हणाले, हात लावू नका, आम्हीच येतो. काका म्हणतायत पणजोबांची आठवण आहे, देऊ नका. त्यांना हा धागा वाचायला दिलाय.